काकांच्या हातचं अर्धवट चांद्रयान पुढे कसं न्यावं

एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वय ५३, राहणार सहकारनगर. काका गेल्यावर त्यांच्या घरातला माळा आवरताना एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं अपोलो लूनर मॉड्यूलचं, म्हणजे अंतराळवीरांना घेऊन चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं, तुकडे जोडून करायचं जुनं प्लास्टिक किट सापडलं, माप १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. काकांनी ते सत्तरच्या दशकात इंग्लंडहून आणलं होतं. वरच्या भागाचे चार-पाच तुकडे त्यांनी चिकटवले आहेत, ते जरा वाकडे बसलेत, आणि एका सांध्याजवळ ग्लूमध्ये त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. बाकी सगळं अजून फ्रेमवरच आहे. डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर बसवायची छापील चित्रं, पिवळे पडलेत. या गृहस्थांनी स्वतः शेवटचं मॉडेल दहावीत असताना केलं होतं. ते विचारतात: इतकं जुनं प्लास्टिक चालेल का? वाकडं चिकटलेलं सोडवून सरळ करता येईल का? सोनेरी फॉइल आणि रंग पुण्यात कुठे मिळतील? की हे तसंच ठेवून नवीन किट घ्यावं?

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड बनवले. मॉडेलिंग त्याच्या आधीपासूनचं. मुलं लहान असताना माझंही बारा वर्षं सुटलं होतं, त्यामुळे परत सुरू करताना हात कसे वागतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण त्यांच्यामागची भीती एकच आहे: ही वस्तू एकच आहे, आणि आपल्या हातून बिघडली तर? म्हणून आधी एक गोष्ट वेगळी करू. किट दुर्मीळ नाही. १९६९ सालचं हे मॉड्यूल एअरफिक्सने नंतरही पुन्हा बाजारात आणलं आहे. एखादा तुकडा हरवला किंवा मोडला तर दुसऱ्या खोक्यातून घेता येतो. तुमच्याकडे दुर्मीळ आहेत ते काकांनी चिकटवलेले चार-पाच तुकडे. ते कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत. त्यामुळे माझा सल्ला असा, की किट जरूर उघडा, पूर्णही करा, पण परत फिरवता येणार नाही असं प्रत्येक काम शक्य तितकं मागे ढकला. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगतो.

आधी प्लास्टिक. ही किट्स पॉलिस्टायरिनची असतात. ऊन लागलं नसेल तर पॉलिस्टायरिन पन्नास वर्षांत फारसं बिघडत नाही. पुण्यातल्या माळ्यावर, स्लॅबच्या खाली, एप्रिल-मेमध्ये चांगलंच तापतं, तरी पॉलिस्टायरिन नरम पडायला साधारण नव्वद-शंभर अंश लागतात. तेवढं तिथे होत नाही. मात्र लांब, बारीक तुकडे दुसऱ्या कशाच्या वजनाखाली दबून हळूहळू बाक घेतात. तुमच्या किटात यानाच्या पायांच्या दांड्या तशा आहेत, त्या आधी बघा. बाक असेल तर गरम पाण्यात, म्हणजे बोट क्षणभर टेकवता येईल पण ठेवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात, अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. उकळतं पाणी नको.

प्लास्टिक ठिसूळ झालंय का, हे तुकड्यावर तपासू नका. ज्या चौकटीला तुकडे जोडलेले असतात, ज्याला आम्ही टूलरूममध्ये रनर म्हणतो, त्याचं एक टोक कापून वाकवा. थोडं वाकून घडीवर पांढरं पडलं तर माल जिवंत आहे. काच फुटल्यासारखं कटकन तुटलं, तर प्रत्येक तुकडा रनरवरून काढताना निपरचा एकच जोरदार दाब न देता आधी लांबून कापा, मग जवळून, आणि उरलेलं टोक ब्लेडने काढा. ग्लू आणि रंगाची पहिली चाचणीही रनरवरच घ्या. किटात त्याचं प्लास्टिक भरपूर असतं आणि ते शेवटी फेकूनच द्यायचं असतं, तरी नवशिके त्याचा उपयोग करत नाहीत.

जुनं म्हणजे कमी दर्जाचं, अशी शंका असेल तर ती काढून टाका. मोल्ड वापरून झिजतो, त्याच्या दोन अर्ध्या भागांची कड पडते आणि तिथून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. त्याला फ्लॅश म्हणतात. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतला माल पुष्कळदा त्याच मोल्डच्या नंतरच्या मालापेक्षा रेखीव असतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला यानाच्या पायांच्या तुकड्यांवर फ्लॅश जवळजवळ दिसत नाही.

आता काकांनी चिकटवलेल्या भागाकडे येतो. प्लास्टिक मॉडेलचा ग्लू फेव्हिकॉलसारखा मध्ये बसून दोन बाजू धरून ठेवत नाही. त्यातला सॉल्व्हंट दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतं आणि सॉल्व्हंट उडून गेल्यावर तिथे एकच सलग प्लास्टिक उरतं. म्हणजे जोड नसून ते वेल्डिंग आहे. काहीजण असे सांधे फ्रीजरमध्ये ठेवून, गार करून, झटका देऊन उघडतात. ग्लू कमी लागला असेल तर कधी कधी जमतं. मी एकदा माझ्या थोरल्या भावाने शाळेत असताना केलेल्या विमानाचा पंख असा सोडवायला गेलो. सांधा शाबूत राहिला आणि त्याच्या शेजारी प्लास्टिक फाटलं, ते विमानाच्या अर्ध्या पाठीपर्यंत. भाऊ काही बोलला नाही. पण ते विमान त्याने ज्या वयात केलं होतं ते वय काही परत येणार नव्हतं, आणि मला ते आजही लागतं.

म्हणून सोडवू नका. वाकडेपणा किती हे हातात घेतल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. फोटोवरून मला अर्धा मिलिमीटर वाटतो. तेवढा असेल तर हे यान तुम्हाला ज्या तऱ्हेने साथ देईल, तशी कुठलंच विमान देणार नाही. लूनर मॉड्यूल फक्त निर्वात पोकळीत उडायला बनवलेलं होतं. त्याला हवा कापायची नव्हती, म्हणून गुळगुळीत, डौलदार असण्याची गरजच नव्हती. गरज होती ती हलकं असण्याची. अंतराळवीरांच्या केबिनची भिंत काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची होती, आणि बाहेरच्या पातळ पत्र्यांवर खरोखरच पोचे आणि लाटा दिसत. नासाने प्रसिद्ध केलेले जवळून घेतलेले फोटो बघा: एकही पॅनल आरशासारखं सपाट नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक तिथे खपून जातो. फक्त वरचा भाग खालच्या भागावर नीट टेकतोय का, ते ग्लू न लावता ठेवून बघा. डुगडुगत असेल तर आत, न दिसणाऱ्या जागी, पातळ प्लास्टिकची चकती सारून पातळी साधा. काकांच्या तुकड्यांना हात न लावता हे होतं.

ठशाबद्दल शेवटी बोलतो.

पण या किटवर ब्लेड चालवण्याआधी एक दुसरं, स्वस्तातलं मॉडेल करा. १/७२ चं एखादं छोटं विमान घ्या, ज्याच्याबद्दल मनात काहीही नाही असं. सदतीस-अडतीस वर्षांच्या खंडानंतर बोटं विसरत नाहीत, पण अंदाज विसरतात: ग्लू किती घ्यायचा, रंग किती पातळ करायचा, तुकडा किती वेळ धरून ठेवायचा. शिवाय साहित्यही बदललं आहे. आपल्या लहानपणी ट्यूबमधला घट्ट, तारा सुटणारा ग्लू होता. काकांचा ठसा उमटला तो त्यामुळेच. आता टामिया एक्स्ट्रा थिनसारखे पाण्याइतके पातळ ग्लू मिळतात. तुकडे आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं, की ग्लू आपोआप फटीत ओढला जातो. जुन्या सवयीने आधी ग्लू लावून मग तुकडे जोडायला गेलात तर तो उडून गेलेला असतो आणि तुम्ही जास्त लावत सुटता. ही चूक त्या विमानावर होऊ दे.

दुसरा बदल डोळ्यांचा. पन्नाशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं आणि माणसाला वाटतं की हात थरथरतो. बहुतेक वेळा हात ठीक असतो, डोळ्यांना खोली कळत नसते. डोक्याला लावायचं भिंग घ्या, पांढऱ्या प्रकाशाचा दिवा डाव्या खांद्यावरून घ्या आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून काम करा. निपर, ब्लेड, बारीक कानस रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील.

रंगांच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा स्प्रे किंवा एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा तेज सॉल्व्हंट) या प्लास्टिकवर वापरू नका. माझ्या सुरुवातीच्या काळात एका दुकानदाराने "प्लास्टिकवर चालतो" म्हणून दिलेला स्प्रे मी एका पूर्ण झालेल्या रणगाड्यावर मारला. दहा मिनिटांत पृष्ठभाग चरचरून सुरकुतला, सगळे बारीक रिव्हेट गेले. परत सुरू करणाऱ्याला टामिया किंवा व्हालेहो यांचे ॲक्रिलिक सगळ्यात सोयीचे, वास कमी आणि ब्रश पाण्यात धुता येतो. पुण्यातली ठरावीक ठिकाणं सोडली तर हे ऑनलाइनच मागवावे लागतात. लॅकर, म्हणजे सॉल्व्हंटमधले रंग वापरणार असाल तर खिडकी उघडी हवी आणि तोंडावर बाष्प शोषणारं काडतूस असलेला मास्क हवा. कापडी मास्क धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. या मॉडेलसाठी एअरब्रशची गरज नाही, तो खर्च आत्ता करू नका.

आता फॉइल, ज्याच्यासाठी हे यान ओळखलं जातं. लोक त्याला सोन्याचा पत्रा समजतात आणि मॉडेलला सोनेरी रंग फासतात. मग ते गणपतीच्या मखरासारखं दिसतं. खऱ्या यानावर होतं ते कॅप्टन (Kapton) नावाचं पॉलिइमाइड जातीचं प्लास्टिक, ड्यूपॉन्ट कंपनीचं. ही फिल्म स्वतः मधासारखी पारदर्शक पिंगट असते. तिच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. प्रकाश फिल्ममधून आत जातो, ॲल्युमिनियमवरून परत येतो, आणि येताना पिंगट होऊन येतो. म्हणून ते कुठे सोनेरी, कुठे तांबूस, कुठे जवळजवळ काळं दिसतं. मुलामा दिलेल्या अशा पातळ फिल्मचे अनेक थर एकावर एक होते आणि ते मुद्दाम चुरगाळलेले होते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उष्णता येते-जाते ती किरणांनी किंवा थेट स्पर्शाने. किरणं चकाकीमुळे परत फिरतात, आणि थर चुरगाळले की एकमेकांना थोड्याच बिंदूंवर टेकतात, म्हणून स्पर्शाने जाणारी उष्णताही कमी होते. हे कळलं की सुरकुत्या कशा पाडायच्या हे आपोआप कळतं: त्या शोभेच्या नाहीत, कामाच्या आहेत, म्हणून सगळीकडे सारख्याच बारीक आणि बेशिस्त असल्या पाहिजेत.

आणि तुमच्या गावातच खरं साहित्य मिळतं. बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे कॅप्टन टेप मागा. मोबाइल दुरुस्तीवाले आणि सर्किट बोर्डाचं काम करणारे ती वापरतात. यानावर होतं त्याच जातीचं हे प्लास्टिक आहे. नुसती लावलीत तर ती पारदर्शक पिंगट दिसेल, चमकणार नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या चकचकीत बाजूवर ती टेप चिकटवा, बुडबुडे काढा, मग दोन्ही मिळून हलक्या हाताने चुरगाळा आणि अर्धवट उलगडा. खऱ्या यानाची जी रचना, तीच तुमच्या हातात असते, फक्त थर एकच. त्यातून कागदाच्या नमुन्यावरून तुकडे कापा. चिकटवायला मी फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर लावतो. रात्रभर वाळू द्यावा लागतो, पण चुकलं तर ओल्या कापडाने भिजवून सोडवता येतं, आणि आपलं मूळ सूत्र तेच आहे. पायांच्या दांड्यांना दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या तिरक्या गुंडाळा.

सगळं यान फॉइलचं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. फॉइल मुख्यतः खालच्या भागावर. वरच्या भागावर काही पॅनल मळकट काळी, काही ॲल्युमिनियमच्या रंगाची. कुठलं कुठे, याच्यासाठी किटाच्या कागदावर विसंबू नका. मोल्ड बनवायला काही महिने जातात. १९६९ मध्ये दुकानात आलेल्या खोक्याचं ड्रॉइंग यान चंद्रावर उतरण्याच्या कितीतरी आधी पक्कं झालेलं असणार. ते बनवणाऱ्यांच्या हातात प्रतिकृतींचे आणि प्रसिद्धीचे फोटो होते, आणि यान तर शेवटपर्यंत बदलत होतं. अपोलो ११ चं ईगल, म्हणजे माणसाला घेऊन चंद्रावर पहिल्यांदा उतरलेलं यान करायचं असेल तर एक बदल नक्की करा. पायांच्या पंज्यांखाली जमिनीचा स्पर्श कळवणाऱ्या लांब काड्या असत, प्रत्येकी सुमारे १.७ मीटर, म्हणजे आपल्या मापात जवळजवळ २४ मिलिमीटर. ईगलला त्या तीनच होत्या. शिडीच्या पायाखालची काढून टाकली होती. यान टेकल्यावर या काड्या मोडून-वाकून जमिनीवर आडव्या पडत, म्हणून त्या ताठ लावू नका. रनरचा तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर फिरवत नरम करा आणि ज्योतीपासून दूर घेऊन ओढा, हवी तितकी बारीक काडी तयार होते. बाकीचे फरक शोधत बसलात तर सापडत राहतील, पण पहिल्या मॉडेलवर दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

डिकल्सचा पिवळेपणा पुष्कळदा जातो. कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून पूर्वेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आठ-दहा दिवस ऊन लागू द्या. त्याआधी तो चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा. नंतर एखादा बिनगरजेचा डिकल पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले, तर बाकीच्यांवर ग्लॉस वार्निशचा पातळ हात मारून, वाळवून, मगच कापा. पाणी बोअरचं नको, त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग राहतात. इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर वापरा. सगळेच गेले तर स्कॅनवरून छापता येतील, पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे झेंड्यासाठी पांढऱ्या पाठीचा डिकल पेपर लागेल.

पावसाळ्याचं भान ठेवा. जून ते सप्टेंबर मॅट वार्निश मारू नका, दमट हवेत ते धुरकट पांढरं होतं. या चार महिन्यांत कापणं, घासणं, ग्लू न लावता कोरडी जुळणी, फॉइलचे नमुने ही कामं उरका. रंग आणि वार्निश दिवाळीनंतर. नाहीतरी तेव्हा घरात किल्ल्याची माती, गेरू, ब्रश निघालेलेच असतात.

म्हणजे क्रम असा: आधी स्वस्त विमान. मग या किटाचे फोटो आणि डिकलचं स्कॅन. तुकडे कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुणं, म्हणजे मोल्डचं तेल जाईल. टेप लावून कोरडी जुळणी, आठवडाभर तशीच समोर ठेवून बघणं. खालचा भाग पूर्ण, फॉइलसकट. आणि काकांचा वरचा भाग सगळ्यात शेवटी. कसब्यात गणपती रंगवणारे कारागीर डोळ्यांची आखणी शेवटी करतात, तोवर हात पूर्ण बसलेला असतो. तसंच.

आता ठसा. तो घासून काढता येईल, चारशेचा पेपर आणि दहा मिनिटं पुरतील, पण त्याबरोबर शेजारच्या पॅनलच्या रेषाही जातील आणि पुन्हा कोराव्या लागतील. माझं मत विचाराल तर तो ठेवा. मात्र तो कसा दिसेल हे रंगावर ठरतं. ॲल्युमिनियमचा रंग पृष्ठभागावरची प्रत्येक रेघ उठवून दाखवतो, मॅट काळा ती गिळून टाकतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ठसा कुठल्या बाजूला आहे ते नीट कळत नाही. आडवा उजेड पाडून जवळून एक फोटो काढा आणि ईगलच्या त्याच बाजूच्या फोटोशी लावून बघा. तिथलं पॅनल ॲल्युमिनियमचं असेल तर रंगाचे अगदी पातळ दोनच हात द्या, जाड थराने ठशाच्या रेषा बुजतील. काळं असेल, तर रंग वाळल्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाला लावून त्या जागेवरून एकदा हलकं फिरवा. उंचवट्यांवर शिसं बसेल आणि रेषा पुन्हा दिसू लागतील.